दोन डोसांत विरलेली गाठ

१९५७ मधली गोष्ट. युगांडातील कंपाला शहरात मुलागो रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी आपल्या सर्जन सहकाऱ्याला एक रुग्ण पाहायला बोलावले. पाच वर्षांचा मुलगा. चेहरा ओळखू न येण्याइतका सुजलेला, दात हलत होते आणि वरचा-खालचा जबडा दोन्ही बाजूंनी, म्हणजे चारही ठिकाणी फुगलेला. जंतुसंसर्ग म्हणावा तर तो एकाच वेळी चार जागी कसा होईल? कॅन्सर म्हणावा तरी तोच प्रश्न. सर्जनने छायाचित्रे काढून ठेवली, पण निदान काही सुचले नाही.

काही आठवड्यांनी हाच सर्जन जिंजा गावच्या रुग्णालयात गेला होता. तिथे खिडकीतून सहज बाहेर पाहिले, तर गवतावर आईजवळ एक मूल बसलेले. चेहरा अगदी तसाच! तो लगेच बाहेर गेला आणि त्याने मुलाला तपासले. या मुलाच्या पोटातही गाठी होत्या.

या सर्जनचे नाव डेनिस बर्किट. जन्म १९११ चा, आयर्लंडमधला. अकराव्या वर्षी अपघातात त्याचा एक डोळा गेला. एका डोळ्याने शस्त्रक्रिया काय करणार, म्हणून पश्चिम आफ्रिकेतील नोकरीसाठी त्याला नकारही मिळाला होता. शेवटी १९४६ मध्ये युगांडात काम मिळाले.

कंपालाला परतल्यावर बर्किट जुनी कागदपत्रे काढून बसला. मुलांच्या जबड्याच्या गाठींच्या नोंदी होत्याच. मूत्रपिंड, यकृत, मुलींची बीजाशये यांतल्या गाठींच्याही होत्या. मात्र प्रत्येकीवर वेगळ्या रोगाचे नाव. शवविच्छेदनाचे अहवाल शेजारी ठेवल्यावर दिसले की जबड्यात गाठ असलेल्या मुलांच्या पोटातही त्या वारंवार सापडतात. हा एकच आजार होता. १९५८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त त्याने ३८ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. शोधनिबंधात आजाराला ‘सार्कोमा’ म्हटले होते, ते चुकले. कंपालाच्याच विकृतिशास्त्रज्ञांनी पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की हा लिम्फोमा आहे, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा, रक्ताच्या कॅन्सरच्या कुळातला. आज तो ‘बर्किट लिम्फोमा’ म्हणूनच ओळखला जातो.

नाव मिळाले, पण मुले मरतच होती. ही गाठ माणसाला होणाऱ्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या गाठींपैकी एक. तिच्यातल्या पेशींची संख्या एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. जबडा कापून काढला तर चेहरा विद्रूप होई आणि पोटातली गाठ वाढतच राही. कंपालात रेडिओथेरपीची सोय नव्हती. ज्याचे सारे शिक्षण सुरी चालवण्याचे, त्यालाच इथे सुरीचा उपयोग नाही हे कबूल करावे लागले. माझ्या मते बर्किटचा मोठेपणा निदानापेक्षा या कबुलीत अधिक आहे.

उरली औषधे. औषधाने कॅन्सर बरा होतो असे मानणारे डॉक्टर त्या काळी मोजकेच होते. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेतील डॉ. जोसेफ बर्चेनल यांनी मेथोट्रेक्सेट हे औषध मिळवून दिले. पुढे सायक्लोफॉस्फामाइड आणि सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हीही औषधे वापरून पाहण्यात आली.

अमेरिकेत अशी औषधे मोठ्या मात्रेत, रोज रक्त तपासत देत. बर्किटजवळ तशी प्रयोगशाळा नव्हती. त्यामुळे तो जपून, थोडेच औषध देई. सूज उतरली की आईवडील मुलाला घेऊन दूरच्या गावी निघून जात आणि ठरलेले डोस राहूनच जात. पुस्तकी हिशेबाने हे अर्धवट उपचार. गाठ परत यायलाच हवी होती. पुष्कळ मुलांत ती आलीही. पण काही मुलांत मात्र आली नाही. महिने गेले, वर्षे गेली आणि मुले ठणठणीत! १९६७ मध्ये ‘कॅन्सर’ या नियतकालिकात बर्किटने जो शोधनिबंध लिहिला त्याचा विषयच हा होता: केमोथेरपीच्या एक-दोन डोसांनंतर दीर्घकाळ टिकलेली रोगमुक्ती.

असे का व्हावे? ही औषधे मुख्यतः विभाजन होत असलेल्या पेशींना मारतात. या गाठीतल्या जवळजवळ सगळ्याच पेशी सतत विभागत असतात, त्यामुळे त्या एकदमच औषधाच्या तावडीत सापडतात. जो वेग मुलाचा जीव घेतो, तोच गाठीला नडतो. (गाठ इतक्या झपाट्याने विरघळते की मेलेल्या पेशींतील द्रव्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून आज उपचार सुरू करताना सलाइन आणि रक्ततपासण्यांची फार काळजी घेतात.)

या निष्कर्षांना मर्यादा होत्या. रुग्ण थोडे, तुलनेसाठी दुसरा गट नाही. एक-दोन डोस सर्वांना पुरतात असा अर्थ कोणी काढला असता तर ते घातक ठरले असते, कारण अनेकांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात आजार लपून राहतो आणि तिथून उलटतो. नेमके किती, कोणते, कोणत्या क्रमाने द्यायचे हे ठरवायला शिस्तशीर चाचण्या हव्या होत्या. त्यासाठी १९६७ मध्येच मुलागोत लिम्फोमा उपचार केंद्र सुरू झाले आणि डॉ. जॉन झीग्लर यांनी तिथे ते काम पुढे नेले. १९७२ चा लास्कर पुरस्कार केमोथेरपीवर काम करणाऱ्या अनेकांना विभागून मिळाला, त्यात बर्किट, बर्चेनल आणि झीग्लर हे तिघेही होते.

बर्किटचे नाव बहुतेकांना आठवते ते मात्र नकाशामुळे. १९६१ मध्ये दोन डॉक्टर मित्रांसह जुन्या मोटारीतून त्याने दहा आठवड्यांत सुमारे १६ हजार किलोमीटर प्रवास केला आणि पन्नासाहून अधिक रुग्णालयांत एकच प्रश्न विचारला: असे मूल पाहिले आहे का? उष्ण, पावसाच्या, सखल भागांत उत्तर ‘हो’ येई; थंड डोंगराळ भागांत ‘नाही’. हा पट्टा मलेरियाच्या पट्ट्याशी जुळत होता. (वडील जेम्स बर्किट हे हौशी पक्षीनिरीक्षक. रॉबिन पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून ते त्यांच्या हद्दींचे नकाशे काढत!) त्याच वर्षी लंडनमध्ये त्याचे व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टीन या गाठीत विषाणू शोधू लागले. १९६४ मध्ये तो सापडला: एपस्टीन-बार, माणसात कॅन्सरशी संबंध आढळलेला पहिला विषाणू.

भारतातही हा आजार आढळतो, पण बहुधा पोटात. मुलाचे पोट थोड्याच दिवसांत फुगत चालले, हाताला गाठ लागली किंवा जबडा सुजून दात हलू लागले, तर घरगुती उपायांत आठवडा घालवू नये. इथे आठवडा म्हणजे फार मोठा काळ.

चांगल्या सोयी असलेल्या देशांत आज या आजाराची दहापैकी नऊ मुले बरी होतात. आफ्रिकेत ज्या पट्ट्याचा नकाशा बर्किटने काढला, तिथे हे प्रमाण बरेच कमी आहे. औषधे बहुतांशी त्याच काळातली आणि फारशी महागही नाहीत. पण मूल रुग्णालयात पोहोचायला उशीर होतो, रक्त आणि प्रतिजैविके वेळेवर मिळत नाहीत आणि सूज उतरली की, साठ वर्षांपूर्वीसारखेच, भाड्याचे पैसे संपलेले आईवडील मुलाला घेऊन गावी परततात.