ढोलकीची थाप आणि बिनतारी वाट

नारायणगावच्या पूर्वेला खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ३० अँटेनांची ही रेडिओ दुर्बीण म्हणजे जगातल्या अतिसंवेदनशील बिनतारी ग्राहकांपैकी एक. तिथून फार लांब नसलेल्या, मंचरजवळच्या अवसरी बुद्रुकसारख्या गावात दुसऱ्या जातीचा बिनतारी ग्राहक आता घरोघरी आहे. काडेपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर जुन्या अँप्लिफायरला जोडला, की मोबाइलमधले भजन किंवा वगनाट्य कर्ण्यातून वाजू लागते. आकाराचा फरक सोडला तर दोघांचे काम एकच: गोंगाटातून संदेश वेचून काढणे. दोघांनाही विचारायचा पहिला प्रश्नसुद्धा एकच: संदेश किती आणि गोंगाट किती?

खोडदला या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळते. घरातल्या रिसीव्हरबाबत मात्र ते खोक्यावरच्या विशेषणांवर सोडलेले असते. म्हणून हे मोजमाप कसे होते, ते पाहू.

सीडीवरच्या संगीताला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते. ब्लूटूथच्या नेहमीच्या जोडणीत एवढी माहिती अखंडपणे जाईलच, याची खात्री नसते. म्हणून मोबाइल आवाज दाबून पाठवतो आणि रिसीव्हर तो पुन्हा उलगडतो. या दाबण्या-उलगडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. एसबीसी हा सर्व उपकरणांत असणारा मूळ कोडेक. चांगल्या प्रतीवर तो सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट वापरतो, म्हणजे मूळ माहितीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. अ‍ॅप्टएक्स ३५२ वापरतो, तर एलडॅक परिस्थितीनुसार ३३०, ६६० किंवा ९९०. त्यातही मोबाइलमधले गाणे बहुधा आधीच एकदा दाबलेले असते. म्हणजे ऐकणाऱ्यापर्यंत पोचेतो त्याची दोनदा गाळणी झालेली असते.

प्रयोगशाळेतली रूढ चाचणी सोपी आहे. रिसीव्हरला १,००० हर्ट्झचा एकच शुद्ध स्वर द्यायचा, बाहेर आलेल्या आवाजातून तो स्वर वजा करायचा आणि उरलेला कचरा मोजायचा. मूळ स्वर आणि कचरा यांतले अंतर डेसिबलमध्ये सांगतात. कचरा स्वराच्या हजाराव्या भागाइतका असेल तर ६० डेसिबल, लाखाव्या भागाइतका असेल तर १००. १६ बिटच्या सीडीची तात्त्विक मर्यादा सुमारे ९८ आहे. रिसीव्हरमधले मंडल चांगले आहे की नाही, हे या चाचणीतून नेमके कळते.

कोडेकची परीक्षा मात्र यातून होत नाही. एसबीसी आवाजाचे सहसा आठ पट्टे पाडतो आणि हाताशी असलेले बिट त्यांच्यात वाटतो. एकच स्वर आला तर बहुतेक सगळे बिट एकाच पट्ट्याला मिळतात आणि निकाल झकास येतो. घरात एकच पाहुणा असला तर पाहुणचाराला तोटा नसतो. पंगत बसली की यजमानाची खरी परीक्षा. म्हणून जाणकार एकाच वेळी तीसएक स्वर सोडतात आणि दोन स्वरांमधल्या रिकाम्या जागेत काय उगवले ते पाहतात. पीक किती आले यापेक्षा दोन ओळींमध्ये तण किती माजले, हे इथे मोजायचे असते. एका स्वरावर निर्मळ दिसणारा कोडेक या चाचणीत पुष्कळ तण दाखवू शकतो.

पण ते तण कानाला दिसते का? इथे गुंता वाढतो. मोठ्या आवाजाच्या शेजारचा लहान आवाज माणसाला ऐकू येत नाही. झांज कडाडली की तुणतुण्याची तार क्षणभर हरवते. एएसीसारखे कोडेक या झाकोळण्याचाच फायदा घेतात. जो कचरा झाकला जाणार आहे तो ते खुशाल राहू देतात आणि वाचलेले बिट उघड्या जागी खर्च करतात. त्यामुळे यंत्राच्या आकड्यात वाईट दिसणारा कोडेक कानाला निर्दोष वाटू शकतो.

या युक्तीची कसोटी लागते ती ढोलकीवर. एएसी एका वेळी आवाजाचे १,०२४ नमुने, म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंदांचा तुकडा, एकत्र दाबतो. थाप तुकड्याच्या शेवटी पडली तर दाबण्यातला कचरा सबंध तुकड्यावर पसरतो आणि थापेच्या आधीच एक पुसट खरखर उमटते. थापेनंतरचा कचरा कान बराच वेळ माफ करतो, आधीचा मात्र काही मिलिसेकंदच. त्यामुळे थापेची धार बोथट वाटते. यावर उपाय म्हणून एएसी अशा क्षणी १२८ नमुन्यांचे लहान तुकडे वापरतो. एसबीसीचे तुकडे मुळातच आखूड असल्याने हा दोष त्यात कमी. त्याची अडचण अपुऱ्या बिटांची.

म्हणून शेवटचा निवाडा कानाकडेच जातो, पण डोळे बांधून. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशींत यासाठी शिस्तबद्ध पद्धती आहेत. त्यांतल्या एका पद्धतीत ऐकणारा ० ते १०० गुण देतो. नमुन्यांमध्ये मूळ ध्वनीही लपवलेला असतो, आणि उंच स्वर कापून मुद्दाम बिघडवलेलाही एक असतो. ज्याला हे दोन ओळखता येत नाहीत, त्याच्या मताला वजन नाही. घरीही सोपी चाचणी करता येते. दोन कोडेकांचे आवाज नेमके सारख्या पातळीवर आणावेत, कारण जरासा मोठा आवाज आपल्याला हमखास चांगला वाटतो. मग आपल्याला न सांगता दुसऱ्याने ते वाजवावेत. १६ पैकी १२ वेळा अचूक ओळखले तर फरक खरा मानायला हरकत नाही. निव्वळ अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे.

अशा चाचण्यांत काय वाजवायचे, हा प्रश्न आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. युरोपीय प्रसारण संघाच्या १९८८च्या प्रसिद्ध चाचणी-तबकडीत कॅस्टनेट, ग्लॉकेनस्पील, हार्प्सिकॉर्ड आहेत. बोलणे इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन. एमपी३ घडवताना कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा यांच्या वाद्यांविना गायलेल्या ‘टॉम्स डायनर’वर कान लावून चुका शोधल्या. ज्याने त्याने आपल्या हाताशी असलेला अवघड आवाज निवडला. आपल्याकडे अवघड आवाजांची काय वाण आहे? नारायणगाव ही तमाशाची पंढरी. जत्रांचा हंगाम जवळ आला की इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि सुपाऱ्या ठरतात. ढोलकीची थाप, हलगीचा कडकडाट, कड्याचा लखलखीत नाद आणि त्यावर चढणारा लावणीचा सूर, असे दहा-वीस सेकंदांचे स्वच्छ ध्वनिमुद्रण कोणत्याही कोडेकचा घाम काढील. आपल्या संगीताला कोणता रिसीव्हर मानवतो, हे आपल्याच वाद्यांवर तपासायला हवे.

दोन गोष्टी प्रयोगशाळेबाहेरच मोजाव्या लागतात. पहिली उशीर. बिनतारी आवाजाला कित्येकदा १०० ते २०० मिलिसेकंद उशीर होतो; १५० धरले तर आपण रंगमंचापासून सुमारे ५० मीटर मागे बसल्यासारखे होते. गाणे ऐकताना हे खटकत नाही, चित्रफीत पाहताना पाऊल आणि घुंगरू यांची फारकत होऊ शकते. दुसरी गोष्ट तुटणे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या गजबजलेल्या पट्ट्यात ७९ मार्गिकांवरून सेकंदाला १,६०० उड्या मारत वाट काढतो. मध्ये माणसांची गर्दी आली की शरीरातले पाणी लहरी शोषते आणि आवाज तुटतो. एलडॅकसारखा कोडेक ९९० वरून मुकाट ३३० वर उतरू शकतो.

ऐकण्यापुरती ही तडजोड पत्करायला हरकत नाही. धोका आहे तो जपणुकीत. एखाद्या जुन्या शाहिराचे किंवा गावच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मोबाइलवरून मोबाइलवर फिरत राहते, वाटेत पुनःपुन्हा दाबले जाते, आणि एकदा गळलेली माहिती कोणत्याही महागड्या रिसीव्हरने परत येत नाही. सीडीच्या प्रतीचे तासाभराचे न दाबलेले ध्वनिमुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइटमध्ये मावते. आजच्या काळात ही जागा काहीच नाही. मूळ प्रत तशीच ठेवावी आणि वाटण्यासाठी दुसरी काढावी. बियाणे वेगळे राखून उरलेले धान्य खाण्याची आपली रीत इथेही लागू आहे.