वाजवणाऱ्याचा कान

तबला शिकणाऱ्या एका वाचकाचं मिरजेहून पत्र आलंय. रियाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ते गुरुजींना पाठवतात. वाजवताना कायदा कसा छान बसला म्हणून खूश असतात, आणि चार दिवसांनी तेच रेकॉर्डिंग कानावर पडलं की तोंड उतरतं. तिसऱ्या पलट्यापासून लय पळायला लागलेली, धिरधिर म्हणून जे वाजलंय ती नुसती खरखर, आणि डग्गा तर असून नसल्यासारखा. ‘इंटरनेटवर शोधलं तर सगळीकडे कवटीच्या हाडाचं कारण दिलंय,’ असं सांगून ते पुढे लिहितात, ‘पण तबला मी डोक्यानं वाजवत नाही.’

बिनतोड आक्षेप आहे. हाडाचं कारण खोटं नाही, पण ते गाणाऱ्यांचं. वाजवणाऱ्यांच्या गळ्यात ते उगाच मारलं जातं.

हे कारण शोधणारा माणूस मोठा मजेदार. गेओर्ग फॉन बेकेशी हा भौतिकशास्त्रज्ञ बुडापेस्टमध्ये हंगेरियन टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरीला होता. टेलिफोनच्या यंत्रणेत सुधारणा नक्की कुठे करावी, या शुद्ध सरकारी प्रश्नातून तो माणसाच्या कानात शिरला, आणि त्या अभ्यासानं त्याला १९६१ सालचं नोबेल मिळवून दिलं. त्याआधी १९४९ साली त्यानं दाखवून दिलं होतं की आपला आवाज आपल्याला हवेतून जेवढा ऐकू येतो, जवळजवळ तेवढाच तो हाडांमधून आत पोचतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा गायब. म्हणून तिथला आपला आवाज पातळ आणि परका वाटतो. भरीला, आपण तोंड उघडण्याच्या किंचित आधी मध्यकर्णातल्या रिकिबीचा इवलासा स्नायू ताणला जातो आणि स्वतःचा आवाज आणखी दबतो.

वाद्यांपैकी हनुवटीखाली दाबून धरलेल्या पाश्चात्त्य व्हायोलिनला हे थोडंफार लागू पडतं. जबड्यातून नाद आत जातो आणि डावा कान तर वाद्याच्या शेजारीच असतो. आपल्याकडे व्ही. जी. जोग यांच्यासारखे वादक मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून वाजवत. तिथं जबड्याचा संबंध संपला. तबला तर बिचारा समोर चुंबळीवर बसलेला.

तेव्हा कारण कानाच्याही मागे शोधायला हवं. त्यासाठी आत्ताच एक प्रयोग करून पाहा. एक डोळा मिटा. उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, पापणीवरून, बोटानं अगदी हलकेच दाबा. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर हललं? आता बोट काढा आणि तोच डोळा डावीउजवीकडे फिरवा. डोळ्यातलं चित्र आता कितीतरी जास्त सरकतंय, कॅलेंडर मात्र जागचं हलत नाही. डोळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडताना मेंदू त्या हुकमाची एक नक्कल स्वतःजवळ ठेवतो, आणि हुकमामुळे जेवढं हलायला हवं तेवढं येणाऱ्या बातमीतून वजा करतो. बोटानं डोळा ढकलला तेव्हा स्नायूंना हुकूमच गेलेला नव्हता. वजाबाकी झाली नाही, कॅलेंडर हललं.

या गोष्टीकडे एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झचं लक्ष गेलं होतं. पण तिला चोख रूप दिलं ते १९५० साली एरिक फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट या जर्मन जोडीनं, आणि तेही माशीच्या मदतीनं. उभ्या पट्ट्यांच्या गोल डब्यात माशी ठेवली आणि डबा फिरवला, की माशी पट्ट्यांबरोबर वळते. पण ती आपणहून चालते तेव्हाही तिच्या डोळ्यांपुढून पट्टे सरकतातच. मग त्या पट्ट्यांमागे वळून ती जागच्या जागी खिळून का बसत नाही? या दोघांनी माशीचं डोकं मानेवर पूर्ण १८० अंशांत फिरवलं आणि तसंच चिकटवून टाकलं. (माशीची मान बारीक असते, तिला हे सोसतं. वाचताना आपलीच मान अवघडते हा भाग वेगळा.) आता ती चालू लागली की वजाबाकीची बेरीज व्हायची. एक पाऊल वळलं की डोळे दुप्पट चूक सांगायचे, ती आणखी वळायची, आणि दमून पडेपर्यंत स्वतःभोवती गरगरत राहायची. ना पट्टे ना काही, अशा एकसारख्या भोवतालात ठेवली तर मात्र तीच माशी ठीक चालायची.

फॉन होल्स्टबद्दल दोन शब्द जास्त लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. प्राणिवर्तनाच्या अभ्यासाची जर्मनीतली मोठी संस्था त्यानं कोनराड लोरेन्झच्या जोडीनं उभी केली. १९७३ साली या विषयाला नोबेल मिळालं ते लोरेन्झ, टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांना. फॉन होल्स्ट १९६२ मध्येच गेला होता, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आणि नोबेल हयात माणसालाच देतात. माशीच्या प्रयोगाच्याच वर्षी, १९५० साली, स्वतंत्रपणे, अमेरिकेत रॉजर स्पेरीनं माशाचा डोळा उलटा फिरवून हाच निष्कर्ष काढला होता. स्पेरीला पुढे मेंदूच्या दोन अर्धगोलांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्यामुळे स्पेरीचं नाव घरोघरी पोचलं, फॉन होल्स्टचं पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत राहिलं. आणि हा गृहस्थ स्वतः व्हायोला वाजवायचा, एवढंच नव्हे तर व्हायोला बनवायचाही. स्वतःचं वाजवणं स्वतःला कसं ऐकू येतं, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नसेल यावर माझा विश्वास नाही.

डोळ्याचं हे तत्त्व कानालाही लागू आहे याचा पुरावा १९७३ सालीच आला. शेफर आणि मार्कस या संशोधकांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले. स्वतः बटण दाबून काढलेला ‘टिक’ आवाज आणि यंत्रानं ऐकवलेला तोच ‘टिक’ यांत पहिल्याला मेंदूचा प्रतिसाद कमी निघाला. रातकिड्यात तर हे काम करणारी एक विशिष्ट चेतापेशी २००६ साली सापडली. रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात आणि त्याची किरकिर भलतीच मोठी. स्वतःच्या आवाजानं स्वतःलाच बहिरं व्हायला नको म्हणून पंख घासण्याच्या तालावर ही पेशी ऐकण्याची यंत्रणा दाबून धरते. माणसात दाबण्याचं प्रमाण एवढं नाही, आणि त्यातला किती भाग हुकमाच्या नकलेचा व किती भाग ‘आवाज कधी येणार हे आधीच ठाऊक असण्या’चा, यावर वाद चालू आहेत. तेव्हा ‘तुमचा मेंदू तुम्हाला फसवतोय’ छापाच्या मथळ्यांवर फार विसंबू नये.

शिवाय मेंदू फसवत असता तर वाजवताना चुका कळल्याच नसत्या. त्या तर कळतात, आणि कधी कळतात ते पाहून मी थक्क झालो होतो. २००९ साली पियानोवादकांवर दोन वेगवेगळे अभ्यास प्रसिद्ध झाले. दोन्हींत आढळलं, की चुकीची पट्टी दाबली जाण्याआधीच, सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाएवढं आधी, मेंदूत चुकीची घंटा वाजलेली असते. बोट तोवर निघालेलं असतं, थांबवता येत नाही. पण चुकीची पट्टी नेहमीपेक्षा हलकी दाबली जाते. म्हणजे चूक व्हायच्या आत ती झाकायचा प्रयत्नसुद्धा झालेला असतो!

पकडली जाते ती अशी चूक, जिथं हुकूम एक आणि हाताकडून झालं भलतंच. पण लय पळते तेव्हा हात हुकमाबाहेर गेलेला नसतो. हुकूमच दर आवर्तनाला केसभर लवकर सुटत असतो, आणि वजाबाकी त्याच हुकमातून होते. मात्रा मोजणारा आणि वाजवणारा एकच. हिशेब चोख जुळतो आणि बाकी शून्य येते. लेहरा लावून बसलेल्याला बाहेरून कुणीतरी ओढून धरतं, नुसत्या हातावर वाजवणाऱ्याला ते नाही. हा माझा तर्क आहे, पण मला तो हाडांपेक्षा पटतो.

आता पत्रातल्या ‘चार दिवसांनी’कडे वळू. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड यानं १९६४ साली, ऐन भरात, मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओत जाऊन बसला. दोन वर्षांनी एका लेखात त्यानं बाखच्या ए मायनर फ्यूगच्या रेकॉर्डिंगची हकिकत सांगितली आहे. फ्यूग आठ वेळा वाजवला. सहावा आणि आठवा टेक उत्तम, बिनचूक, म्हणून निवडले. सहाव्यात तेच स्वरवाक्य भारदस्त, एकाला एक जोडून. आठव्यात सुटं सुटं, उड्या मारत. काही आठवड्यांनी संपादनाच्या खोलीत ते ऐकले तेव्हा गूल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की दोन्हींत एकच दोष आहे आणि स्टुडिओत तो कुणाच्याच ध्यानात आला नव्हता: दोन्ही कंटाळवाणे आहेत. एक सुरुवातीपासून शेवटपर्यंत गंभीर, दुसरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळकर. योगायोगानं दोघांची लय जवळजवळ सारखी होती. मग सुरुवात आणि शेवट सहाव्यातला, मधला भाग आठव्यातला, असा टेप कापून जोडला. मैफलवाल्यांना हा बाटगेपणा वाटला. मला वाटतं, एवढ्या प्रामाणिकपणे स्वतःचं ऐकणारे फार थोडे.

आठवडे का लागावेत? त्याचं एक उत्तर जर्मनीत हाउआयसेन आणि क्नोशे यांनी २००१ साली केलेल्या प्रयोगात आहे. पियानोवादकांना हात न हलवता ओळखीच्या रचना नुसत्या ऐकवल्या, तरी त्यांच्या मेंदूतला बोटं चालवणारा भाग कामाला लागत होता. अंगठ्यानं वाजणाऱ्या आणि करंगळीनं वाजणाऱ्या स्वरांना प्रतिसाद वेगळा होता. गायकांत असं दिसलं नाही. वाजवून झाल्या झाल्या आपण रेकॉर्डिंग लावतो तेव्हा हात आतल्या आत परत वाजवत असतात, आणि आपल्याला काय वाजवायचं होतं हे ताजं असतं. तो बेत विसरायला वेळ द्यावा लागतो.

जुन्या कलावंतांना हा वेळ सक्तीनं मिळे. फ्रेड गायसबर्गनं १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा मेणाच्या तबकड्या जर्मनीत हानोव्हरला गेल्या. तिथून रेकॉर्ड छापून येईपर्यंत काही महिने उलटले. मेणाची मूळ तबकडी वाजवून पाहायची सोय नव्हती, कारण सुई फिरली की ती वाया गेली. याला अपवाद करणारी बाई तेवढीच दांडगी होती. ॲडेलिना पॅटी, वय बासष्ट, अवघ्या युरोपची लाडकी गायिका. १९०५ साली तिच्या वेल्समधल्या वाड्यावर गायसबर्ग बंधू यंत्रं घेऊन गेले. बाईंनी हट्ट धरला: आत्ताच ऐकवा. एक तबकडी बळी दिली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून ती कर्ण्याकडे मुके फेकत म्हणाली, की आता मला कळलं मी पॅटी का आहे! याच्या उलट लता मंगेशकर. आपलीच गाणी आपण ऐकत नाही, ऐकली की दोषच दिसतात, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे.

परकं वाटलं तरी आपलं वाजवणं आपल्याला ओळखू येतं, ही यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. ब्रूनो रेप आणि ग्युन्टर क्नोब्लिख यांनी पियानोवादकांकडून सहसा न वाजणाऱ्या रचना वाजवून घेतल्या, काही तर आवाज बंद केलेल्या पियानोवर. काही महिन्यांनी त्यांना सगळ्यांचं वादन ऐकवून विचारलं, यात तुमचं कुठलं? स्वतःचं त्यांना ओळखता आलं. वाजवताना ज्याचा एक स्वरही ऐकला नव्हता, तेसुद्धा. लय आणि आवाजाचा चढउतार सगळ्यांचा सारखा करून टाकला तरी ओळख पुसली गेली नाही. उरला होता तो फक्त स्वरांमधला बारीक वेळेचा खेळ आणि स्वर सोडण्याची लकब. गूल्डनं १९५५ साली बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स सुमारे अडतीस मिनिटांत वाजवले आणि १९८१ साली पुन्हा, एक्कावन्न मिनिटं घेऊन. दुसऱ्या खेपेच्या आधी त्यानं जुनी रेकॉर्ड ऐकली. बोटांचे ठसे आपलेच आहेत हे त्याला पदोपदी पटत होतं. वाजवणाऱ्या माणसाशी मात्र त्याला काही नातं सांगता येईना.

आता मिरजकरांच्या तक्रारींची छाननी. रेकॉर्डिंग म्हणजे पंचनामा, असं समजायचं कारण नाही. मोबाइल आपणहून आवाज सपाट करतो: मोठा झाला की दाबतो, बारीक झाला की उचलतो. डग्ग्याची घुमक त्या इवल्याशा स्पीकरमधून बाहेर पडूच शकत नाही. बरे हेडफोन लावा, बराचसा डग्गा परत येईल. धिरधिरची खरखर फोन अगदी दायाजवळ ठेवल्यामुळेही होते. चार हात लांब ठेवून बघा. पळालेल्या लयीचा ठपका मात्र फोनवर ठेवता येत नाही, त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा बरं असतं.

व्हिडिओ कॉलवर शिकवणी असेल तर गोष्ट आणखी बिघडते. एक तर आवाज थांबत-थांबत पोचतो, त्यामुळे लयीबद्दल त्यावरून काहीही बोलू नये. त्यात या ॲपांना एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि ती ते साफ करतात. तानपुरा नेमका तसाच चालू राहतो! विद्यार्थी सुरात गातोय आणि पलीकडे गुरुजींना तानपुराच ऐकू येत नाही, असे प्रकार टाळेबंदीत सर्रास झाले. ‘ओरिजिनल साउंड’ नावाचं सेटिंग त्यासाठीच असतं, आणि ते गुरुजींच्या नव्हे, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या फोनवर सुरू करावं लागतं.