महाडचे डॉक्टर, 'लॅन्सेट'चे लेखक

संशोधकाची पत मोजण्याचं आजचं लाडकं माप म्हणजे एच-निर्देशांक. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो 2005 मध्ये मांडला. एखाद्याच्या 20 निबंधांचा इतरांनी प्रत्येकी किमान 20 वेळा संदर्भ दिला असेल, तर त्याचा निर्देशांक 20.

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर या मापात नीट बसत नाहीत. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात त्यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्ररात्र जागून पाहिले. हृदयावरील परिणामांची पूर्वलक्षणं टिपणारा त्यांचा निबंध 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. 1986 मध्ये तिथेच त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा वापर मांडला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. हे प्रमाण पुढे 1 टक्क्याच्या आसपास आलं.

2011 मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 70 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्यांपैकी सुमारे 91 टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर 23 टक्के.

एच-निर्देशांक हे सारं पकडत नाही. विंचूदंशावर काम करणारे जगात मोजकेच, त्यामुळे संदर्भही कर्करोगाच्या निबंधांइतके मिळणं अशक्य. शिवाय गोळी देणारा गावातला डॉक्टर निबंध लिहीत नाही, त्यामुळे त्याने घेतलेला आधार कोणत्याच यादीत चढत नाही. लाल विंचू रायगडबाहेर, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातही आहे. दंश झाल्यावर घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं, तर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठा.