धावणे येते, थांबणे येते का?

छत्रपती संभाजीनगरच्या ग्रामीण पोलीस दलातील रफीक शेख यांनी मे 2016 मध्ये एव्हरेस्ट सर केले. महाराष्ट्र पोलिसांतून त्या शिखरावर पोहोचलेले ते पहिलेच. शहराने त्यांचे कौतुक केले, पण त्याआधीची दोन वर्षे फारशी कुणाच्या लक्षात नाहीत. एप्रिल 2014 मध्ये एव्हरेस्टच्या वाटेवर हिमकडा कोसळला, 16 नेपाळी वाटाडे-मदतनीस गेले आणि मोहिमा थांबल्या. एप्रिल 2015 मध्ये नेपाळला भूकंपाने हादरवले. दोन्ही वर्षी शेख यांना रिकाम्या हाताने परतावे लागले. तिसऱ्या वर्षी ते पुन्हा गेले.

याच शहरातील शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका मनीषा वाघमारे यांचेही तसेच. 2017 मध्ये शिखर जवळ आले असताना हवामान बिघडले आणि त्या मागे फिरल्या. मे 2018 मध्ये त्यांनी शिखर गाठले. त्या वर्षी रमजानही मे महिन्यातच सुरू झाला होता. डोंगरावर थंडी आणि इकडे मराठवाड्याच्या उन्हात रोजे.

रोजाला अरबीत 'सौम' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ उपाशी राहणे असा नसून थांबणे, स्वतःला आवरणे असा आहे. रमजानला सब्राचा महिना म्हणतात, त्या 'सब्र' शब्दाच्या मुळाशीही रोखून धरणे हाच अर्थ आहे. हा शब्द मराठीला परका नाही. शिर्डीच्या साईबाबांमुळे घराघरांत पोहोचलेली 'सबुरी' ती हीच. आपण मात्र सबुरीचा अर्थ बहुधा 'सोसत राहणे' एवढाच घेतो. सोसण्याइतकेच वेळेवर थांबणे हाही सबुरीचाच भाग आहे, हे विसरतो.

हे आठवण्याचे कारण म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली. पहाटे गोगाबाबा टेकडीवर, आमखास मैदानावर, गारखेड्याच्या क्रीडा संकुलात ती घाम गाळताना दिसतात. शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्याचे 20 गुण, 100 मीटर धावण्याचे 15 आणि गोळाफेकीचे 15. एकेका गुणावर घराचे भवितव्य टांगलेले असते. त्यामुळे रमजान आला तरी सराव सोडवत नाही आणि रोजाही सोडवत नाही.

दोन्ही साधता येते, पण शरीराचे गणित समजून घेतले तर. शरीर सरावात झिजते आणि विश्रांतीत भरून येते. गिर्यारोहक हे जाणतात. एव्हरेस्टच्या माथ्यावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. म्हणून ते थेट वर जात नाहीत. दिवसा उंच चढतात, झोपायला खाली येतात आणि असे अनेकदा करून शरीराला सवय लावतात. खाली उतरणे हासुद्धा चढाईचाच भाग असतो.

रोजेदार उमेदवारालाही हेच लागू पडते. या महिन्यात आधी कमावलेले टिकवले तरी पुष्कळ. अन्नाआधी पाण्याची आणि झोपेची उणीव त्रास देते. म्हणून दुपारच्या उन्हात धावू नये. इफ्तारच्या थोडे आधी हलका व्यायाम आणि जोराचा सराव इफ्तारनंतर किंवा तरावीहच्या नमाजनंतर, हे सोयीचे. सेहरीला भाकरी, डाळ, अंडी, दही असे दमाने पचणारे खावे, चहा बेताचा घ्यावा. इफ्तारला खजूर आणि पाणी, मग थोड्या वेळाने जेवण. नान-खलिया ताटभर खाऊन लगेच मैदानावर उतरणाऱ्याला पोटच धावू देणार नाही. सेहरीमुळे तुटलेली झोप दुपारी भरून काढावी. रात्री पाणी एकदम न पिता थोडेथोडे प्यावे.

आणि एवढे करूनही चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलताना गोंधळ होऊ लागला तर? तेव्हा सावलीत बसावे, पाणी प्यावे. जिवावर बेतत असेल तर रोजा सोडण्याची मुभा धर्मानेच दिली आहे. तो नंतर ठेवता येतो, त्याला 'कजा' म्हणतात. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी आणि प्रवासी यांना रोजे पुढे ढकलण्याची सवलत आहे, आणि अल्लाहला तुमच्यासाठी अडचण नको, सोय हवी, असा त्यामागचा आशयही तिथेच सांगितला आहे. चाचणीसाठी दूरच्या जिल्ह्यात निघालेल्या उमेदवाराने आपल्याला ही सवलत लागू होते का, हे आलिमांना विचारावे. मधुमेह किंवा दुसरा आजार असल्यास डॉक्टरांनाही. विचारण्यात कमीपणा नाही. घरच्यांनीही 'एवढा धडधाकट, आणि रोजा सोडला?' असे टोमणे मारू नयेत. त्या टोमण्याच्या भीतीने मूल मैदानावर कोसळले, तर त्यात पुण्य कसले?

थांबण्याचा हा सराव चाचणीपुरता नाही. कुस्तीत दुसऱ्याला आडवा पाडणारा खरा बलवान नव्हे, राग आला असता स्वतःला आवरणारा खरा बलवान, असे प्रेषितांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. पोलिसाला हे रोज कामी येते. ईद असो की गणेशोत्सव, बंदोबस्तात तास न् तास उभे राहायचे, कुणी अंगावर धावून आले, कुणी शिवी दिली तरी हातातली काठी आवरायची. 1600 मीटर धावणारे पाय घड्याळाने मोजता येतात. ती काठी आवरणारे मन कोणत्याही मैदानावर मोजले जात नाही. ते घडवावे लागते. रमजानचे 29 किंवा 30 दिवस त्यासाठी उत्तम तालीम आहेत. पाणी समोर असते, कुणी पाहत नसते, तरी हात पुढे जात नाही.

भरती पुन्हा निघते, राहिलेला रोजा पुन्हा ठेवता येतो, डोंगर तिथेच असतो. रफीक शेख आणि मनीषा वाघमारे पुढच्या खेपेला शिखरावर उभे राहू शकले, कारण आधीच्या खेपेला ते मागे फिरले होते.