जिरेनियमचे अनोळखी रोप: पाकिटावरून नव्हे, फूल आणि फळावरून ओळखा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत दिवाळीनंतर गॅलरीत आणि गच्चीवर हंगामी फुलांचे बी पेरले जाते. त्यात ‘जिरेनियम’ नावाची पाकिटे असतात. काही बी मैत्रिणीने कागदाच्या पुडीत दिलेले असते, तर काही परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेले असते. दोन-तीन महिन्यांनी हातभर रोप तयार होते आणि मग पानाचा फोटो पाठवून विचारणा होते, ‘हे थंडीला काटक असलेले बहुवर्षीय जिरेनियम आहे का? कोणती जात?’ एका पानाच्या फोटोवरून याचे खात्रीचे उत्तर देता येत नाही. फूल, फळ आणि पेरणीची नोंद हाताशी असेल तर मात्र रोपाचा गट घरच्या घरी ओळखता येतो.

ओळख नेमकी का हवी?

नाव चुकले की निगा चुकते. कुंडीतले पेलार्गोनियम मूळचे मुख्यतः दक्षिण आफ्रिकेचे. त्याला भरपूर ऊन आणि दोन पाण्यांमध्ये माती थोडी सुकणे मानवते. माती सतत ओली राहिली तर खोड सडते. खरे, थंडीला काटक जिरेनियम ओलसर पण निचऱ्याच्या मातीत आणि थंड हवेत वाढते. एकाची निगा दुसऱ्याला दिली तर रोप हातचे जाते.

दुसरे कारण पैशाचे आहे. महाराष्ट्रात अलीकडे तेलासाठी जिरेनियमची लागवड होत आहे. हे पीक म्हणजे गुलाबाच्या वासाचे पेलार्गोनियम. त्याची लागवड व्यवहारात छाट कलमांच्या रोपांनीच केली जाते. त्यामुळे फुलझाडाच्या बियांचे पाकीट ‘तेलाचे जिरेनियम’ म्हणून घेऊन त्यावर गावच्या शेतीचे गणित मांडू नये.

एका नावाचा गोंधळ

लिनियसने १७५३ मध्ये ही सगळी झाडे जिरेनियम या एकाच प्रजातीत ठेवली होती. १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने पेलार्गोनियम आणि इरोडियम वेगळे केले. शास्त्रात नाव बदलले, पण बाजारात जुनेच राहिले. म्हणून आजही कुंडीतल्या पेलार्गोनियमला सर्रास जिरेनियम म्हणतात. तिन्ही नावे ग्रीक पक्ष्यांवरून आली आहेत. जिरेनियम क्रौंचावरून, पेलार्गोनियम चित्रबलाकाच्या कुळातील पक्ष्यावरून आणि इरोडियम बगळ्यावरून. कारण तिघांचेही फळ चोचीसारखे लांब असते. ही चोच म्हणजे ओळखीची मोठी खूण आहे.

मुंबईची हवा काय सांगते?

युरोपातील बियाणे याद्यांत ‘काटक’ म्हणजे बर्फ आणि कडाक्याची थंडी सोसणारे. असे जिरेनियम बहुधा हिवाळ्यात जमिनीवरचा भाग मरू देते आणि वसंतात मुळापासून पुन्हा फुटते. मुंबईत तशी थंडी पडतच नाही. सांताक्रूझ येथील नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि तेही २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदले गेले. उलट पावसाळ्यात येथे सरासरी २००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथे कस लागतो तो उकाडा आणि सततची ओल सोसण्याचा. म्हणून दोन पावसाळे उघड्यावर काढून जोमाने वाढलेले रोप खरे काटक जिरेनियम असण्याची शक्यता फार कमी.

पेरणीची नोंदही उपयोगी पडते. पेलार्गोनियमचे विकत मिळणारे बी २१ ते २४ अंश तापमानात साधारण आठवडा-दीड आठवड्यात बऱ्यापैकी एकसारखे उगवते आणि नोव्हेंबरची पेरणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास फुलावर येते. काटक जिरेनियमचे बी कठीण कवचाचे असते. ते मागे-पुढे, कधी काही महिन्यांच्या अंतराने उगवते. अनेक बहुवर्षीय प्रकार दुसऱ्या वर्षीच फुलतात.

पानावरून फक्त अंदाज

- गोल पान, त्यावर घोड्याच्या नालासारखा गडद पट्टा, मांसल खोड: बहुधा पट्ट्याच्या पानाचे पेलार्गोनियम.
- जाड, चकचकीत, कोनदार पान आणि लोंबणाऱ्या फांद्या: वेलीसारखे वाढणारे पेलार्गोनियम.
- खोल कातरलेले, केसाळ पान आणि चोळल्यावर गुलाबासारखा वास: तेलाच्या गटातील पेलार्गोनियम.
- तळहातासारखे पाच ते सात भागांत चिरलेले पान, बारीक देठ, पेऱ्यांवर फुगलेले नाजूक खोड: खऱ्या जिरेनियमची शक्यता.

फसगत होते ती येथेच. तेलाच्या पेलार्गोनियमचे पानही चिरलेले असते आणि काही खऱ्या जिरेनियमच्या पानांनाही उग्र वास असतो. म्हणून वास आणि पानाचा आकार हा पुरावा धरू नये.

फुलाची तपासणी

पूर्ण उमललेले एकेरी फूल घ्यावे आणि दहापट भिंगाखाली पुढील क्रमाने पाहावे.

१. पाकळ्या: खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियममध्ये वरच्या दोन आणि खालच्या तीन पाकळ्यांचा आकार, रंग किंवा रेषा वेगळ्या असतात. बागेतील सुधारित वाणांत हा फरक पुसट होतो, म्हणून येथे थांबू नये.

२. मधाची नळी: ही सर्वांत भरवशाची खूण. पेलार्गोनियममध्ये वरच्या निदलाच्या मागून एक बारीक नळी फुलाच्या देठाला चिकटून खाली येते. ती जेथे संपते तेथे देठावर लहानसा उंचवटा दिसतो. त्या उंचवट्याच्या वर देठ ब्लेडने आडवा कापल्यास नळीचे छिद्र दिसते. खऱ्या जिरेनियममध्ये अशी नळी नसते.

३. पुंकेसर: जिरेनियममध्ये सहसा दहाही पुंकेसरांवर परागकोष असतात, पेलार्गोनियममध्ये सातपर्यंत, तर इरोडियममध्ये पाच. परागकोष लवकर गळतात, म्हणून नुकतेच उमललेले फूल घ्यावे.

दुहेरी पाकळ्यांच्या फुलात पुंकेसरांची मोजणी फसवी ठरते. तेथे नळीच पाहावी.

फळ शेवटचा निकाल देते

सुकलेली सगळी फुले खुडून टाकू नयेत. एक-दोन गुच्छ राखावेत. बहुतेक खऱ्या जिरेनियमचे फळ वाळले की तडकते, चोचीच्या पट्ट्या वर वळतात आणि बी दूर फेकले जाते. म्हणून फळाला आधीच मलमलची पिशवी बांधावी. पेलार्गोनियमच्या प्रत्येक बीजभागाला पिसासारखी, पिळदार शेपटी असते आणि तो वाऱ्याने उडतो.

जिरेनियम नसलेली रोपे

उपनगरातील कुंडीत पेरलेले बी न उगवता मातीतले तण उगवणे नेहमीचे आहे. वनभेंडीचे पान तळहातासारखे आणि फूल गुलाबी असते. पण ती जास्वंदीच्या कुळातील आहे. तिच्या पुंकेसरांची एकच नळी बनलेली असते आणि फळाचे काटेरी आकडे कपड्यांना चिकटतात. तेरडा आणि आंबुशीची फळेही तडकतात, पण त्यांना लांब चोच नसते. चोच दिसली नाही तर जिरेनियमचे कुळ सोडून शोध घ्यावा.

नाव किती पुढे न्यावे?

बियांपासून आलेल्या रोपाला वाणाचे नाव देण्याची घाई करू नये. संकरित वाणाच्या बियांतून मातृवृक्षासारखेच रोप येईल याची खात्री नसते. युरोपात प्रसिद्ध असलेला निळ्या फुलांचा ‘रोझान’ हा वाण हिमालयातील दोन जातींच्या संकरातून आला. त्याला बी जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे ‘रोझानचे बी’ म्हणून मिळालेल्या पुडीवर विश्वास ठेवू नये. पुरावा प्रजातीपर्यंतच असेल तर कुंडीच्या पट्टीवर तेवढेच लिहावे, उदा. ‘पेलार्गोनियम, पट्ट्याच्या पानाचा गट, बी मैत्रिणीकडून, पेरणी नोव्हेंबर’. अशी अपुरी पण खरी नोंद चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कामाची असते.

पुढे जायचे असेल तर फूल, फळ आणि खालची पाने असलेल्या दोन फांद्या वर्तमानपत्रात दाबून, कागद रोज बदलून वाळवाव्यात. सोबत फुलाचा ताजा रंग, पेरणीची तारीख आणि ठिकाण लिहावे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र अशा ठिकाणच्या तज्ज्ञांना असा नमुना फोटोपेक्षा कितीतरी अधिक सांगतो.

परदेशी बी आणि शेजारचे जंगल

परदेशातून बी आणण्यावर वनस्पती संगरोध आदेश, २००३ चे नियम लागू आहेत. त्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने न मागवता येणाऱ्या अनोळखी बियांच्या पाकिटांबाबत राज्यांना सावध केले होते. असे पाकीट पेरू नये, वाटू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. ते बंद ठेवून कृषी विभागाला कळवावे.

बोरिवली आणि मुलुंडच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ओळख न पटलेले रोप किंवा त्याची माती उद्यानाच्या कडेला टाकू नये. आज सर्वत्र माजलेली घाणेरीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणूनच भारतात आली होती. रोपाची ओळख पटेपर्यंत त्याचे बी आणि कलमे कोणाला देऊ नयेत आणि त्याचे पान चहात किंवा औषधात वापरू नये.