हरकत घेतलेली कादंबरी आणि वाचकमंडळ

अमुक कादंबरी मुलांच्या हातीं द्यावी कीं न द्यावी, हा वाद घरोघरीं होत असतो. अमेरिकेंत त्याला एक ठरीव रूप आलेलें आहे. शाळेच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या कपाटांतून एखादें पुस्तक काढून टाकावें, अशी लेखी मागणी तेथें नागरिक करतात. ही ‘हरकत’ होय. बंदी त्यापुढची पायरी. पुष्कळ ठिकाणीं समिति नेमून, पुस्तक समग्र वाचून, मगच निर्णय देण्याची वहिवाट आहे. अशा हरकतींची नोंद अमेरिकन लायब्ररी असोसिएशन ही संस्था ठेवते.

या नोंदींत वारंवार येणारें एक नांव म्हणजे हार्पर ली या लेखिकेची १९६० सालीं प्रसिद्ध झालेली ‘टु किल ए मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी. तिला १९६१ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. कथा आहे अलाबामा राज्यांतील एका लहानशा गांवची, १९३० नंतरच्या मंदीच्या काळांतली. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप येतो. अ‍ॅटिकस फिंच हा गोरा वकील त्याची बाजू निष्ठेनें मांडतो. पुराव्यानें आरोप फोल ठरतो, तरीहि पंच टॉमला दोषी ठरवितात. हें सारें वकिलाच्या लहान मुलीच्या तोंडून आपणांस कळतें.

पुस्तक तेंच राहिलें, हरकती मात्र पालटल्या. १९६६ सालीं व्हर्जिनियांतील हॅनोव्हर परगण्याच्या शाळामंडळानें तें अनीतिकारक ठरविलें. त्यावर लेखिकेनें रिचमंडच्या एका वृत्तपत्राला उपरोधिक पत्र लिहिलें आणि त्या पत्रानें मुलांना पुस्तकाच्या प्रती फुकट वांटल्या! अलीकडील आक्षेप निराळा आहे. पुस्तकांत कृष्णवर्णीयांना उद्देशून एक हीन शिवी पुनःपुन्हां येते. ती वर्गांत मोठ्यानें वाचली जात असतां त्या वंशाच्या मुलानें कोठें पाहावें? शिवाय टॉमचें दुःख हें गोऱ्या उद्धारकाच्या थोरवीची केवळ पार्श्वभूमि होऊन बसतें, असेंहि म्हणतात. २०१७ सालीं मिसिसिपींतील बिलॉक्सी येथें पुस्तक आठवीच्या पाठांतून काढलें गेलें, तेव्हां त्यांतील भाषेचेंच कारण देण्यांत आलें.

सारा जन्म शाळेंत शिकविण्यांत गेल्यामुळें मला हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा वाटत नाहीं. वर्गांतल्या मुलाला उठून जाण्याची मोकळीक नसते. वाचकमंडळांत ती असते, आणि म्हणूनच अशा पुस्तकाची खरी चर्चा तेथें होऊं शकते. २००१ सालीं शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानें साऱ्या शहरानें मिळून वाचावें म्हणून हीच कादंबरी निवडली होती.

अशा मंडळानें दोन पथ्यें पाळावीं. ज्याला पुस्तक खुपलें, त्याला प्रथम बोलूं द्यावें. आणि प्रत्येकानें आपलें म्हणणें पुस्तकांतील स्थळ दाखवून मांडावें. उदाहरणार्थ, फिंचांच्या घरची स्वयंपाकीण कॅलपर्निया गोऱ्यांच्या घरांत एक बोली बोलते आणि आपल्या लोकांच्या प्रार्थनामंदिरांत दुसरी. मुलें तिला याचें कारणहि विचारतात. एक वाचक म्हणेल, पहा, लेखिकेला या स्त्रीचें दुहेरी जिणें दिसलें आहे. दुसरा म्हणेल, दिसलें खरें, पण त्या मंदिराच्या दारांतून लेखणी लगेच माघारी फिरली. दोघांचेंहि म्हणणें त्याच पानांवर तपासतां येतें; नुसत्या ऐकीव मतांवर तें होत नाहीं.

पुस्तक सर्वांवर सक्तीचें असावें काय, हा एक प्रश्न. तें कपाटांतहि नसावें काय, हा दुसरा. पहिल्याला ‘नको’ म्हणणारा सुज्ञ पालक दुसऱ्यालाहि ‘नको’च म्हणेल. आपल्या घरीं असा वाद निघाला, तर आधीं घरांतल्या वडील मंडळींनीं तें पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचावें, मुलांशीं त्यावर मोकळेपणानें बोलावें, आणि मग काय ठरवायचें तें ठरवावें.