लीग टूचा तक्ता खालून वर वाचायचा

या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळले ते गाळलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं आहे.

प्रीमियर लीगवरचा भाग झाला आणि तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतोय. ‘ताई, तू ती लीग टू का बघतेस? तिथे ओळखीचं कोण खेळतं?’ प्रश्न रास्त आहे. ओळखीचं कोणी खेळत नाही. खेळलंच तर ते ओळखीचं व्हायच्या आधी, नाहीतर ओळख पुसट झाल्यावर. तरी मी बघते, आणि का बघते ते सांगायला आजचा अख्खा भाग घेणार आहे.

आधी रचना, पटकन. सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० क्लब. तिच्याखाली इंग्लिश फुटबॉल लीग, म्हणजे ईएफएल. तिचे तीन मजले: चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू. प्रत्येक मजल्यावर २४ क्लब. २० अधिक ७२, झाले ९२. लीग टू नाव असलं तरी ती चौथी पातळी आहे. आम्ही प्रोग्रामर मोजतो तसं शून्यापासून मोजलं तरी हा हिशेब लागत नाही, त्यामुळे सोडून द्या.

लीग टूत प्रत्येक क्लब ४६ सामने खेळतो. पहिले तीन थेट वर जातात. चौथा ते सातवा प्ले-ऑफ खेळतात, त्यातला एक वर जातो. आणि शेवटचे दोन, म्हणजे तेविसावा आणि चोविसावा, ईएफएलच्या बाहेर, नॅशनल लीगमध्ये. प्रीमियर लीगचा तक्ता आपण वरून वाचतो, कोण चॅम्पियन, कोण चॅम्पियन्स लीगला. लीग टूचा तक्ता मी खालून वाचते. सगळी भीती तिथे आहे.

आयपीएलमध्ये एखादी टीम शेवटची आली तर काय होतं? मीम्स होतात, कोच बदलतो, पुढच्या लिलावात नवी माणसं येतात आणि एप्रिलमध्ये तीच जर्सी पुन्हा टीव्हीवर. इथे तसं नाही. तेविसावा आलात की लीगकडून येणारा पैसा आटतो, खेळाडू सोडून जातात, ऑफिसातली चार माणसं कमी होतात. आणि परत यायचं तर नॅशनल लीगमधून वर्षाला दोनच क्लब वर येतात. एक थेट, दुसरा प्ले-ऑफमधून.

हे किती क्रूर असू शकतं त्याचा माझा आवडता नमुना २०२२-२३ चा. रेक्सहॅम तुम्हाला माहीत असेल, रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या दोन नटांनी घेतलेला वेल्सचा क्लब, ज्याच्यावर वेब सिरीज आहे. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये रेक्सहॅमचे १११ गुण झाले. दुसरा होता नॉट्स काउंटी, १०७ गुण. एकशे सात! पण थेट जागा एकच. त्यामुळे १०७ गुणांवरसुद्धा त्यांना प्ले-ऑफ खेळावा लागला आणि वेम्ब्लीवर चेस्टरफील्डशी २-२ झाल्यावर पेनल्टी शूटआउटमध्ये ते कसेबसे सुटले. हा क्लब १८६२ चा. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापकांपैकी एक. इतक्या जुन्या घराण्यालाही दारात उभं केलं.

हे दार तसं नवीन आहे बरं का. १९८५-८६ पर्यंत तळाच्या क्लबांचं भवितव्य मतदानाने ठरायचं. तळाचे चार क्लब हात जोडून उभे राहायचे आणि बाकीचे क्लब बहुतेक वेळा त्यांनाच परत घ्यायचे. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या कमिटीसारखं, तीच माणसं, तीच खुर्ची. १९८७ पासून नियम आला की शेवटचा सरळ खाली आणि खालचा विजेता वर. त्या वर्षी लिंकन सिटी खाली गेली आणि स्कारबरो वर आली. दोन जागा झाल्या त्या २००३ मध्ये.

स्कारबरो हे नाव लक्षात ठेवा. समुद्रकाठचं गाव, यॉर्कशायरमधलं.

८ मे १९९९. हंगामाचा शेवटचा दिवस, खाली जाणार एकच. स्कारबरोचा सामना १-१ संपलाय आणि त्यांचे लोक मैदानात उतरून नाचायला लागलेत, कारण तिकडे कार्लाइल युनायटेड प्लिमथशी १-१ वर अडकलंय. कार्लाइलला जिंकायलाच हवं. १९२८ पासून लीगमध्ये असलेला क्लब, इंजुरी टाइम सुरू, कॉर्नर मिळाला. त्यांचा गोलकीपर जिमी ग्लास हा स्विंडनकडून उसना आणलेला, तिसराच सामना खेळणारा. तो आपला गोल सोडून पुढे धावत सुटला. प्लिमथच्या कीपरने हेडर अडवला, चेंडू उसळून ग्लासच्या पायाशी आला आणि त्याने मारला. २-१. यूट्यूबवर आहे, कॉमेंटेटरचा आवाज ऐकाच. त्यानंतर कार्लाइलसाठी ग्लास परत कधी खेळला नाही.

ही गोष्ट सगळे इथे संपवतात. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते. नाचणारी स्कारबरोची माणसं त्याच मिनिटाला खाली गेली. क्लब लीगमध्ये परत कधीच आला नाही आणि २००७ मध्ये कर्जापायी बंद पडला. १९८७ मध्ये ज्यांनी ते दार पहिल्यांदा वरच्या बाजूला ओलांडलं, तेच. एका कीपरच्या पायाने एक क्लब वाचला, दुसऱ्याची घसरण सुरू झाली. आणि कार्लाइल? २०२५ मध्ये तेही पुन्हा नॅशनल लीगमध्ये गेले.

आता थोडं लँकशायरला जाऊ. इंग्लंडच्या वायव्येला कापड गिरण्यांची गावं एकमेकांना चिकटून आहेत: ब्लॅकबर्न, अ‍ॅक्रिंग्टन, बर्नली, जरा खाली बरी. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी मिळाल्यावर गिरणी कामगारांनी फुटबॉल धरला आणि प्रत्येक गावाला एक क्लब आला. गिरण्या गेल्या, क्लब राहिले. लालबाग-परळमध्ये ज्यांचे आजोबा भोंग्यावर कामाला जायचे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. भोंगा बंद झाल्यावर गावात एकत्र जमायला काय उरतं, त्याचं तिथलं उत्तर बऱ्याचदा ‘शनिवारचा सामना’ असंच असतं.

अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली हा क्लब कर्जामुळे १९६२ मध्ये हंगाम अर्ध्यावर असताना लीगमधून बाहेर पडला. त्यांच्या जागी ऑक्सफर्ड युनायटेडला घेतलं. १९६८ मध्ये गावाने क्लब नव्याने उभा केला, पार खालून. चढत चढत ते २००६ मध्ये लीगमध्ये परतले, आणि त्याच वर्षी खाली गेलेल्यांत कोण होतं? ऑक्सफर्ड युनायटेड! ४४ वर्षांनी. हे मी एखाद्या सिरीजच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं असतं तर कुणी पटवून घेतलं नसतं.

आता बरी. इथे जरा थांबते, कारण लीग टू बघणं म्हणजे काय, ते या क्लबावरून कळतं.

बरी एफसी, स्थापना १८८५. मैदानाचं नाव गिग लेन. एफए कप दोनदा जिंकलेला, १९०० आणि १९०३. १९०३ च्या फायनलमध्ये डार्बी काउंटीला ६-०, आणि तो विक्रम २०१९ पर्यंत कुणी गाठला नव्हता. गाठला तो मँचेस्टर सिटीने, वॉटफर्डविरुद्ध, मे महिन्यात. त्याच वसंतात बरीने लीग टूत दुसरं येऊन प्रमोशन मिळवलं होतं. मैदानावर सगळं उत्तम. पण खेळाडूंचे पगार थकले होते. आधीच्या डिसेंबरमध्ये क्लब एका पौंडाला विकला गेला होता. एका पौंडाला! एखादी गोष्ट एवढ्या स्वस्तात मिळते तेव्हा सोबत कर्जाची पिशवी येते, हे भाड्याने फ्लॅट शोधणाऱ्यालाही कळतं.

ऑगस्टमध्ये लीग वनचा हंगाम सुरू झाला आणि बरीचा एकही सामना झाला नाही. पैसे आहेत याचा पुरावा द्या, असं लीग म्हणत होती. एकामागून एक सामने रद्द. २७ ऑगस्ट २०१९ ही शेवटची मुदत. त्या दिवशी गावातली माणसं बादल्या आणि फडकी घेऊन गिग लेनवर आली आणि स्टेडियम साफ करायला लागली. खुर्च्या पुसल्या. शनिवारी सामना झालाच तर मैदान तयार हवं म्हणून. घेणारी कंपनी ऐन वेळी मागे हटली आणि रात्री बरीला लीगमधून काढून टाकलं. त्या हंगामात लीग वन २३ क्लबांची खेळली.

शेजारचा बोल्टन त्याच आठवड्यात नवा मालक मिळाल्याने वाचला. दोन्ही गावं जवळजवळ, एकच मुदत, दोन निकाल.

मैदानावर गोल खाऊन खाली गेलात तर ते पचवता येतं. बरी वर जाऊन मेली. म्हणून लीग टू पाहायची तर फक्त स्कोअर बघून भागत नाही, मालक कोण आणि हिशेब कसा, हेही बघावं लागतं. गिग लेनवर बरीच्या नावाने पुन्हा फुटबॉल सुरू झालं ते २०२३ मध्ये, अनेक पातळ्या खाली, चाहत्यांच्या दोन गटांनी मतदान करून एकत्र आल्यावर. सरकारी पातळीवर क्लबांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र नियामक आणणारा कायदा तिकडे २०२५ मध्ये झाला. बरीनंतर सहा वर्षांनी.

मालकांचा विषय निघालाय तर आपल्या पुण्याचं नाव घ्यावंच लागेल. व्हेंकीज! अ‍ॅक्रिंग्टनहून आठ-नऊ किलोमीटरवर ब्लॅकबर्न रोव्हर्स, १९९४-९५ चे प्रीमियर लीग चॅम्पियन. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या या पोल्ट्री उद्योगाने क्लब विकत घेतला. महिनाभरात मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइसला काढलं. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला, आणि त्या संध्याकाळी कुणीतरी निषेध म्हणून मैदानात क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी सोडली. २०१७ मध्ये ते लीग वनमध्ये पोचले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पातळीवर, हे पहिल्यांदाच घडलं. पुढच्याच वर्षी परत वर आले, हेही सांगायला हवं. तोटा भरून काढायला मालक पैसे घालत राहिले, हेही. तिथले चाहते तरी चिडलेले का? माझ्या मते, पैसा येतो पण माणूस दिसत नाही म्हणून. क्लबचा मालक स्टँडमध्ये दिसणं ही त्या गावांत साधी अपेक्षा आहे, आणि पुण्याहून ती पुरी होत नाही.

बरं, आता मोबाइलवर हे फॉलो कसं करायचं.

वेळ आपल्याला सोयीची आहे. तिकडचे शनिवारी दुपारी तीनचे सामने आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला. घड्याळ ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी सरकतं. मंगळवारी रात्रीचे सामने मात्र आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, तो नाद ऑफिस असताना करू नये. मजा म्हणजे खुद्द इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच सामने टीव्हीवर थेट दाखवायला जुनी बंदी आहे. लोकांनी घरी बसून मोठ्या क्लबांचे सामने बघू नयेत, आपल्या गावच्या मैदानात जावं, म्हणून. त्यामुळे स्कोअर अ‍ॅपकडे टक लावून बसणारे तुम्ही एकटे नाही.

हायलाइट्स क्लबांच्या यूट्यूब चॅनेलवर येतात. ऐकायला ‘नॉट द टॉप ट्वेंटी’ हा पॉडकास्ट घ्या, तो या ७२ क्लबांवरच असतो. आणि माझं आवडतं व्यसन: कंपनीज हाउसची वेबसाइट. इंग्लंडमधल्या कुठल्याही कंपनीचे दाखल केलेले हिशेब तिथे फुकट वाचता येतात, क्लब त्यात आलेच. हिशेब मुदतीत दाखल झाले नाहीत की माझे कान उभे राहतात. ईएफएल नवे खेळाडू घ्यायला बंदी घातलेल्या क्लबांची यादीही प्रसिद्ध करते. आणि क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे कारभार बाहेरच्या माणसाकडे सोपवला गेला, तर १२ गुण कापतात. ल्यूटन टाउनचे तर २००८-०९ मध्ये हंगामाच्या सुरुवातीला ३० गुण कापले होते. ते अर्थातच लीगबाहेर गेले, पाच वर्षं तिथे काढली, आणि २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचले. २०२५ मध्ये परत लीग वनमध्ये उतरले.

क्लब कुठला निवडू, असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. वर असलेला निवडू नका एवढंच सांगेन. नकाशा उघडा, नाव आवडेल त्या गावावर बोट ठेवा, वर्षभर त्याचे निकाल बघा. पहिले दोन महिने कंटाळा येईल. मग नोव्हेंबरमध्ये कधीतरी एका ०-० वर तुम्ही चक्क चिडाल.

आणि मे महिन्याच्या सुरुवातीला शेवटच्या शनिवारी सगळे सामने एकाच वेळी असतात. त्या संध्याकाळी फोनवर स्क्रीन दोन भागांत करा. एका भागात बाविसाव्या क्लबाचा सामना, दुसऱ्यात तेविसाव्याचा. चार्जर जवळ ठेवा, इंजुरी टाइम लांबतो.